राखेचं पाणी

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात चाळीसगावच्या दक्षिणेचा आमचा डोंगर पेटला. गवत, पळस, अंजन, सगळं जळालं. वणवा गावात शिरला नाही म्हणून आम्ही देवीला नारळ फोडला. डोंगरावर आता नुसती राख आणि उघडी माती उरली आहे, याचा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

आषाढात एका दुपारी पाऊस कोसळला आणि नाल्यातून काळा चिखल धावत आला. काठची घरं बसली. गोठ्यातली जनावरं जागीच गाडली गेली. गावाची विहीर गाळाने भरली. मी एरंडोलची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा लांब रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. घरात मी आणि सासूबाई.

डबक्यातलं पाणी फडक्याने गाळून पिऊ लागलो, तशी सासूबाईंना हगवण लागली. चाळीसगावचा रस्ता वाहून गेलेला. चांगलं पाणी एकाच ठिकाणी होतं, टेकाडावरच्या बौद्ध वस्तीच्या विहिरीला. गावाच्या विहिरीवर त्यांना कुणी उभं राहू दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती स्वतः खणली होती. मी हंडा घेऊन गेले. विहिरीवर एक म्हाताऱ्या अक्का होत्या.

"सासू मरतेय हो," एवढंच मी बोलले.

त्यांनी पोहरा सोडला. "ले माय, भर."

घरी सासूबाईंनी विचारलं, "कोठलं पानी शे?" मी खरं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तांब्या धरून बसले, रडले, पाया पडले. खूप वेळाने त्यांनी दोन घोट घेतले. पण उशीर झाला होता. सकाळी त्या गेल्या. कोरडं लाकूड कुठेच नव्हतं. पडक्या घरांच्या चौकटी उपसून सरण रचलं.

मग सगळं गावच त्या विहिरीकडे निघालं. माझ्या चुलत सासऱ्यांना गाव नाना म्हणायचं. अक्का त्यांना म्हणाल्या, "पानी ल्या, नाना. तुमनी विहीर उपसाले आम्ही बी येसूत. पन मंग ती बठ्ठासनी."

विहीर सगळ्यांची करायची म्हटल्यावर नाना मागे वळून गावकऱ्यांकडे बघू लागले. मागून बायकाच ओरडल्या, "हा म्हना ना, नाना!" त्यांनी होकाराची मान हलवली.

घमेली हातोहात देत आम्ही गाळ काढला. तळ दिसू लागला आणि पुन्हा पाऊस, पुन्हा तोच चिखल. त्या संध्याकाळी काहींनी पाचोऱ्याची वाट धरली. मीही गाठोडं बांधलं होतं. पण नवरा परतला होता आणि आई झोपायची त्या जागेपाशी बसून राहिला होता. त्याला उठवणं मला जमलं नाही.

आधी डोंगरावरचं पाणी अडवायला हवं, हे आता सगळ्यांनाच कळलं होतं. जळके बुंधे नाल्यात आडवे टाकले, मागे दगड रचले. हात, तोंड, लुगडी, सगळं काळं. कोण कुठल्या वस्तीचं, ओळखू येत नव्हतं.

पोळ्याच्या सुमारास गावाची विहीर मोकळी झाली. अक्का पहिल्यांदा तिच्या ओट्यावर चढल्या आणि त्यांनी पोहरा आत सोडला. मी दोर धरला. समोरून येणाऱ्या गावातल्या दोघी-तिघी अक्कांना बघून रिकामे हंडे घेऊन परत फिरल्या. त्या घरांनी त्या विहिरीचं पाणी पुढे कधीच भरलं नाही. नाल्याचं गढूळ पाणी त्यांना चाललं.