‘श्रम’ नावाचा फोटो

आमच्या फोटोग्रुपचा एक नियम होता: दोन गोड, एक तिखट. महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाशीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर एकेकाचा फोटो लागायचा. बाकीच्यांनी त्यातल्या दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एक चूक, आणि ती कशी सुधारायची तेही. ज्याचा फोटो, त्यानं तोवर गप्प बसायचं. नियम झकास, पण पाळतंय कोण? सगळे गोडच वाढायचे. ‘अप्रतिम’, ‘काय लाइट पकडलाय’, ‘सर, तुमच्यासारखे तुम्हीच’. तिखटाची वेळ आली की सगळ्यांना चहा आठवायचा.

मला नाही जमलं ते. मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर पार्ट तपासायचे, चूक दिसली की तिथं खडूनं गोल करायचा आणि पार्ट परत पाठवायचा, हे माझं काम. खडूचा गोल म्हणजे अपमान नव्हे, हे मशीनवरच्या माणसाला कळतं. ग्रुपवरच्या शिकल्यासवरलेल्यांना कळत नव्हतं. क्षितिज वाकडं असेल तर मी वाकडं म्हणायचे. फ्लेमिंगो गुलाबी असतो, पण एवढा नसतो, रंग उतरवा म्हणायचे. ‘मॅडम, जरा सांभाळून’ असं दोघंतिघं कानात सांगून जायचे. आणि गंमत म्हणजे घरी गेल्यावर तेच मला वेगळा मेसेज करायचे, माझ्या फोटोत खरंच काय चुकलं म्हणून.

गेल्या वर्षी ग्रुपनं प्रदर्शन ठरवलं. वीस फोटो, मोठे प्रिंट, फ्रेम करून भिंतीवर. त्यात माझा एक निवडला गेला, कारखान्याच्या गेटबाहेर डबा खाणाऱ्या आमच्या बायकांचा. मला तो भिंतीवर बघायचा होता. खोटं कशाला बोलू, जाम बघायचा होता. माझ्याहून जास्त अप्पांना. अप्पा म्हणजे माझे वडील. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं माथाडी होते, आता रिटायर. कोपरखैरण्यातल्या झाडून सगळ्या दोस्तांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, पोरीचा फोटो लागनार हाय.

निवड करणारे होते आमचे सर. बँकेतून निवृत्त, गळ्यात महागडी लेन्स, ग्रुपचे ॲडमिन. प्रदर्शनाआधीच्या रविवारी त्यांनी स्वतःचा फोटो पडद्यावर लावला. नाव ‘श्रम’. मार्केटातला एक माथाडी वाकून जमिनीवरची भरलेली गोणी उचलतोय. मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या, वरून उन्हाची तिरीप, सगळं काळंपांढरं. टाळ्याच पडल्या. एक बाई म्हणाल्या, अंगावर काटा आला.

माझी पाळी आली. दोन गोड दिले, आणि मनापासून दिले. फोकस डोळ्यावर अचूक आहे, उजेड सुंदर आहे. मग म्हटलं, “पण सर, मार्केटात असं कुणी उचलत नाही. गाडीवरचे दोघं गोणी पाठीवर देतात, खालचा ती घेऊन चालायला लागतो. पन्नास किलो जमिनीवरून एकटा माणूस उगाच उचलणार नाही. कुणीतरी सांगितलं असेल, तरच.”

सरांना यात तक्रार दिसलीच नाही. गप्प बसायचा नियम मोडून ते हसत म्हणाले, “बरोबर ओळखलंत. गाडी खाली करून नुकताच बसला होता बिचारा. शिरा येईनात हो. आठ टेक घेतले, तेव्हा कुठे मिळाला.”

“आठ वेळा उचलायला लावलीत?”

“मॅडम, आर्टसाठी करावं लागतं.”

“मग सुधारणा सांगते,” मी म्हटलं. “हा फोटो प्रदर्शनातून काढा. पहाटे गाड्या लागतात तेव्हा जा, बाजूला उभे राहा, त्यांना त्यांचं काम करू द्या. शिरा दिसल्या तर दिसल्या. नाही दिसल्या तर हात हलवत घरी या.”

त्या दिवशी कुणी चहाचंही नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सरांचा फोन. आवाज एकदम मऊ. चारचौघांत असं बोलायला नको होतं, फीडबॅक कसा कन्स्ट्रक्टिव्ह हवा, ग्रुपवर माफीच्या दोन ओळी टाका, लगेच तुमचा प्रिंट फायनल करतो. नाही टाकल्या तर, असं मी विचारलं. “मग भिंतीवर जागेचा जरा प्रॉब्लेम आहे,” म्हणाले.

चोराच्या उलट्या बोंबा. मला राग आला, आणि लोभही सुटला. दोन ओळींनी काय जातंय, असंही मनात येऊन गेलं. अप्पा प्रदर्शनासाठी नवा शर्ट शिवून घेणार होते. पण माफी मागायला अडलंय माझं खेटर. मी ग्रुपवर तेच सगळं परत लिहिलं, दोन गोडांसकट, सुधारणेसकट, एक अक्षर कमी न करता. डबा संपायच्या आत मला ग्रुपमधून काढलं होतं.

अवघड होतं ते अप्पांना सांगणं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दोस्तांसमोर आता ते काय सांगतील, याचं मला फार वाईट वाटत होतं. म्हटलं, “फोटो लागणार नाही अप्पा, माझं तोंड नडलं.” मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाटलं शिव्या घालतील, मला नाहीतर सरांना. त्यांनी कुणालाच घातल्या नाहीत. प्रदर्शनाचं तर विचारलंसुद्धा नाही.

“गाडी खाली करून बसला व्हता?”

“हो.”

“आन् मंग आठ बार उचलली?”

“हो अप्पा.”

ते स्वतःचा गुडघा दाबायला लागले.

“मंग म्होरली गाडी कशी खाली केली आसंल गं त्येनं?”