तिळाच्या तेलातली कॅप्सूल

मार्चमधल्या एका मंगळवारी, चौथ्या केमोच्या दिवशी, डॉक्टरांनी माझ्या मोठ्या भावाला औषध म्हणून गांजा घेण्याचा सल्ला दिला. इकडे त्याला मेडिकल मारिजुआना म्हणतात. दादा न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला राहतो. मी त्याच्यापासून दहा मिनिटांवर. केमोच्या दिवशी त्याला नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे त्या वेळी मी खोलीतच होतो.

दादाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन जानेवारीच्या आधी झालं होतं. केमो दर दोन आठवड्यांनी होती. सुरुवातीला प्रत्येक केमोनंतर चार-पाच दिवस, आणि आता जवळजवळ पुढच्या केमोपर्यंत, त्याच्या पोटात काही टिकत नसे. फोडणीचा वास आला तरी तो उठून बाथरूमकडे जाई. वहिनीने घरात फोडणी करणं बंद केलं होतं. मळमळीच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. त्यांचा उपयोग पहिल्या दिवसापुरता होई.

डॉक्टर साठीच्या आसपासच्या बाई होत्या. वजनाचा आकडा पाहून त्या म्हणाल्या, पुढच्या वेळेपर्यंत हे असंच उतरत राहिलं तर पाचवी केमो मला थांबवावी लागेल. मग त्यांनी गांजाचा विषय काढला. त्याने कॅन्सर बरा होत नाही, हे त्यांनी सर्वांत आधी सांगितलं. बऱ्याच रुग्णांची मळमळ कमी होते, भूक लागते, झोप लागते. काहींना काहीच होत नाही. चक्कर येते, तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, क्वचित भीती वाटायला लागते. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. खायच्या प्रकाराचा परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात. लोकांना तेवढा धीर नसतो, ते दुसरा तुकडा खातात आणि मग इमर्जन्सीत येतात.

पात्रतेचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. राज्याने काही आजार ठरवून दिले आहेत, त्यात कॅन्सर आहे. ज्या डॉक्टरांकडे रुग्णाचे उपचार चालू आहेत आणि ज्यांची राज्याकडे नोंद आहे, त्यांनी शिफारस करायची. मग रुग्णाने राज्याच्या वेबसाइटवर अर्ज करायचा, न्यू जर्सीत राहत असल्याचा पुरावा जोडायचा, फोटो लावायचा. स्वतः दुकानात जाता येत नसेल तर घरच्या कुणाचं तरी नाव द्यायचं. मंजुरी आली की कार्ड. शिफारस त्यांनी आमच्यासमोरच पाठवली.

गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, "बनारसला सरकारी ठेक्याच्या दुकानात भांग मिळायची. इथे डॉक्टर चिठ्ठी देतात. प्रगती आहे."

त्याचं इंजिनिअरिंग बनारसचं. होळीच्या ठंडाईची गोष्ट त्याने आजवर प्रत्येक पॉटलकमध्ये सांगितलेली आहे.

शनिवारी त्याला जरा उठून बसता आलं तेव्हा त्याने लॅपटॉप घेतला. अर्ज पूर्ण भरला. नाव, पत्ता, लाइटचं बिल, फोटो. नागरिकत्व कुठेही विचारलेलं नव्हतं. शेवटचं बटण दाबायच्या आधी वहिनीने त्याचा हात धरला.

"वकिलाला दाखवलंस?"

"अगं, हा मेडिकलचा फॉर्म आहे."

"फॉर्म आहे ना? मग दाखव."

हे ज्यांनी व्हिसावर वर्षं काढली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या लोकांत कुठलाही सरकारी कागद वकिलाने पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. दादाला एकदा स्पीडिंगचं तिकीट आलं होतं, तेव्हाही त्याने आधी वकिलाला मेल केली आणि मग घरी सांगितलं. त्याची ग्रीन कार्डाची रांग त्याची मुलगी पाळणाघरात होती तेव्हा सुरू झाली. आता ती बारावीत आहे. नंबर लागून प्रत्यक्ष अर्ज गेल्या पावसाळी मोसमानंतर, म्हणजे इकडच्या पानगळीत, दाखल झाला होता. अर्ज तिघांचे होते, पण मुख्य अर्जदार दादा. त्याचा नाकारला गेला तर मायलेकींचेही जाणार होते.

पुतणी जिन्यात बसून ऐकत होती. "बाबा, इट्स लीगल हिअर. एव्हरीबडी नोज दॅट."

"एव्हरीबडीचा पासपोर्ट अमेरिकन आहे," वहिनी म्हणाली.

सोमवारी वकिलांशी व्हिडिओ कॉल झाला. त्या अमेरिकन आहेत, गेली अनेक वर्षं दादाची फाइल सांभाळतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, अर्ज पाठवला का? नाही म्हटल्यावर त्यांनी अर्ज तसाच सोडून द्यायला सांगितलं.

कारण त्यांनी असं सांगितलं. राज्याचा कायदा एक आहे, देशाचा दुसरा. गांजा राज्यात चालतो. देशाच्या कायद्यात तो अजूनही बंदी असलेला पदार्थ आहे, आणि ग्रीन कार्ड देश देतो. डॉक्टरांची शिफारस असली, राज्याचं कार्ड असलं, तरी परदेशी माणसाने तो घेतल्याचं किंवा जवळ बाळगल्याचं कबूल केलं तर अर्ज त्यावर अडू शकतो. मुलाखत झाली तर शपथ घेऊन विचारतील.

मग त्यांनी विचारलं, यापूर्वी कधी घेतला आहे?

"नेव्हर," दादा म्हणाला.

"होळीला प्यायला होतास की," वहिनी मराठीत म्हणाली. तिचा आवाज माइकने व्यवस्थित पकडला.

"अगं, ती भांग."

"मग भांग कशाची असते, पुदिन्याची?"

वकिलांनी विचारलं, काय बोलणं चाललं आहे. दादाने इंग्रजीत सांगितलं. भांगेची पानं, दूध, बदाम, सण. भांगेला त्याने आयुष्यात कधी ड्रग म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे नेव्हर म्हणताना त्याला आपण खोटं बोलतो आहोत असं वाटलंच नाही. हे त्याने नंतर मला सांगितलं. वकिलांनी ते शांतपणे ऐकलं. कुठल्या गावात, किती वर्षांपूर्वी, कुठून घेतली होती, असं विचारलं. सरकारी परवान्याचं दुकान होतं, असं दादा म्हणाला. तिथल्या कायद्याला ते मान्य होतं का, ते मी तपासते, त्या म्हणाल्या. तोवर हा प्रश्न कुणीही विचारला तरी मला विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, आणि नेव्हर तर मुळीच म्हणायचं नाही. जुन्या भांगेपेक्षा खोटं उत्तर जास्त महागात पडतं.

कॉल संपल्यावर दादाने अर्जाची खिडकी बंद केली. त्या दिवशी त्याने अर्धी वाटी ताकभात खाल्ला. तो टिकला नाही.

मंगळवारी शेजारच्या काकू आल्या. त्यांना इकडे येऊन तीस वर्षं झाली, केव्हाच्या सिटिझन आहेत. बातमी त्यांना वहिनीनेच दिली होती. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता.

"कार्ड-बिर्ड काही लागत नाही गं. रूट वन हायवेवरच्या त्या दुकानात एकवीस पूर्ण असलं की कुणालाही देतात. माझं लायसन्स बघून तो पोरगा म्हणाला, मॅम, यू लुक ग्रेट. चष्मा हवाय त्याला." त्यांनी डबा उघडला. आत रव्याचे लाडू, आणि त्यांच्याखाली एक बंद पाकीट. "गमीज आहेत, त्या गांजाच्या चघळायच्या गोळ्या. लाडवात मिसळू नकोस म्हणजे झालं."

"काकू, तुम्ही स्वतः गेलात?"

"मग काय काकांना पाठवू? ते चव बघत बसले असते."

वहिनी हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. मग काकू गेल्यावर ती डबा घेऊन दादाच्या पलंगाशी आली. मी तिथे होतो.

"अर्धी खा. तू विकत घेतली नाहीस, अर्ज केला नाहीस. कोणाला कळणार आहे?"

"विचारतील तेव्हा मला कळेल."

"मग उपाशी राहणार? केमो थांबली तर ग्रीन कार्ड घेऊन काय करू मी, फ्रेम करू?"

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. वहिनीने डबा फ्रिजवर ठेवला. पाकीट तसंच राहिलं.

कॉलच्या शेवटी वकिलांनी एक वाक्य सांगितलं होतं, त्याकडे आमच्यापैकी कुणाचं नीट लक्ष गेलं नव्हतं. मी डॉक्टर नाही, त्या म्हणाल्या होत्या, पण फार्मसीत रीतसर प्रिस्क्रिप्शनवर मिळणारं, देशाच्या औषध खात्याने मंजूर केलेलं काही असेल, तर त्याला माझी हरकत नाही. बुधवारी रात्रीची भांडी लावताना वहिनीला ते आठवलं. गुरुवारी सकाळी तिने केमोच्या नर्सला फोन केला. दादा सिटिझन नाही, हे तिने प्रथमच तिथे सांगितलं. ते कोणी विचारलंच नव्हतं.

दुपारी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. तसं औषध आहे, त्या म्हणाल्या. गांजात जो मुख्य घटक असतो, तोच प्रयोगशाळेत तयार करून कॅप्सूलमध्ये घातलेला असतो. नाव ड्रोनॅबिनॉल. केमोची मळमळ नेहमीच्या गोळ्यांनी थांबत नसेल तर देतात. झाडाच्या गांजाचं प्रमाण कमीजास्त करणं काही रुग्णांना सोपं जातं, कॅप्सूल कुणाला लवकर लागू पडते, कुणाला उशिरा, म्हणून त्यांनी आधी गांजा सुचवला होता. दुष्परिणाम तेच. चक्कर, गुंगी. गाडी नाही.

वकिलांना मेल केली. उत्तर एका ओळीचं आलं. घ्या, आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत जपून ठेवा; भांगेचं अजून तपासते आहे.

इन्शुरन्सने आधी दोन प्रकारच्या गोळ्या देऊन पाहिल्या का असं विचारलं. पाहिल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मी आणि वहिनी नेहमीच्याच फार्मसीत गेलो. काउंटरवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली आणि मग विचारलं, पेशंटला तिळाची अॅलर्जी आहे का? कॅप्सूलमध्ये औषध तिळाच्या तेलात असतं.

"काय म्हणाली?" वहिनीने मला विचारलं.

मी सांगितलं.

"तिला सांगा भाऊजी, आम्ही संक्रांत करतो."

मी एवढंच सांगितलं की अॅलर्जी नाही.

पहिल्या कॅप्सूलनंतर दादाला चक्कर आली आणि तो दुपारभर झोपला. उठून क्रिकेटची जुनी मॅच लावून बसला आणि म्हणाला, बोलर फार लांबून पळत येतोय. पुतणी म्हणाली, "बाबा, यू आर सो हाय." तो म्हणाला, "प्रिस्क्रिप्शनने आहे." डॉक्टरांनी फोनवर डोस कमी केला. त्यानंतर गुंगी कमी झाली. मळमळ पूर्ण गेली नाही. सकाळची उरली. दुपारचं जेवण मात्र राहू लागलं. सोमवारी त्याने मुगाची खिचडी मागितली आणि वहिनीने इतक्या दिवसांनी पहिल्यांदा जिऱ्याची फोडणी केली. तो उठून गेला नाही.

काकूंचा डबा वहिनीने त्याच दिवशी परत केला. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. लाडू संपले होते. पाकीट होतं तसंच, न उघडलेलं, तळाशी होतं. त्यावर तिने शंकरपाळे भरले होते.

काकूंनी दारातच झाकण उघडलं, शंकरपाळे बाजूला करून पाकीट पाहिलं. "या लागल्या नाहीत?"

"दुसरं मिळालं, काकू. फार्मसीचं."

"मग यांचं मी काय करू?"

"काकांना देऊ नका."

पुढच्या मंगळवारी सकाळी मी दादाला केमोला नेलं. नर्सने वजन केलं. मागच्या वेळेपेक्षा एक पौंड जास्त भरलं. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि पाचवी केमो लावायला सांगितली. ती दुपारच्या आधी सुरू झाली. इमिग्रेशनच्या वेबसाइटवर ग्रीन कार्डाच्या अर्जापुढे त्या दिवशी, आधीच्या दिवसांसारखंच, पेंडिंग असं लिहिलेलं होतं.