स्वागताच्या पेट्या

बर्नी गावच्या कचरा डेपोला लागून जुन्या सामानाचं दुकान आहे, ते ग्लेनिस क्रॉपर चालवते. लोकांनी टाकून दिलेलं ती लोकांनाच विकते, आणि विकताना समोरच्याची इतकी खेचते की माणूस पाय मोडलेली खुर्चीसुद्धा हसत हसत गाडीत घालतो. "ही नेतोस? डोकं फिरलंय का तुझं? तीन पायांची आहे ती. ने बाबा, ने. तुमचं दोघांचं जमेल." असं तिचं सगळं. कुणी रागावत नाही. उलट पुढच्या शनिवारी आणखी कुणाला तरी घेऊन येतात.

माणसं जमवायची ही खोडच तिला नडली. बाईनं आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि तरी आज तिचा हात असा दगडाखाली आहे की काढताही येत नाही आणि ओरडताही येत नाही.

झालं असं की तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरात पडल्या पडल्या जीव आंबून गेला. भाचीनं तिच्या कॉम्प्युटरवर 'मटनबर्ड बे' नावाचा खेळ घालून दिला. होबार्टच्या चार टाळक्यांनी मिळून बनवलेला साधा खेळ. बेटं, समुद्र आणि आपली एक बोट. मासे धरायचे, या बेटावरची मेंढरं त्या बेटावर न्यायची, टपाल पोचवायचं. कुणाला मारायचं नाही, कुणाला हरवायचं नाही. कानाला हेडफोन लावला की दुसऱ्या बोटीतल्या माणसाशी गप्पा मारता येतात. ग्लेनिसला आणखी काय हवं? तिनं बोटीचं नाव ठेवलं 'लंगडी' आणि संध्याकाळचं जेवण उरकलं की ती समुद्रावर. गुडघा बरा झाला, पण बाई काही किनाऱ्याला लागली नाही.

त्या खेळात एक सोय होती. खेळ विकत न घेतलेल्या माणसालाही जुन्या माणसाच्या बोटीत पाहुणा म्हणून एक फेरी मारता यायची. खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या पानावर कुणी विचारलं, "घेऊ का नको?" तर त्याला कुणी हो-नाही सांगायचंच नाही. "जा, लंगडीत बस," एवढंच. मग ग्लेनिस त्याला घेऊन निघायची. वाटेत मेंढरांना शिव्या, वाऱ्याला शिव्या, पाहुण्याच्या पोटापाण्याची चौकशी, त्याच्या सासूची चौकशी. फेरी संपेपर्यंत पाहुण्याला वाटायचं, आपण हिला शाळेपासून ओळखतो. दुसऱ्या दिवशी तो खेळ घेऊन हजर.

आणि तो स्वतःची बोट घेऊन धक्क्याला आला, की सगळ्या जुन्या बोटी त्याच्याभोवती गोळा व्हायच्या आणि प्रत्येक जण त्याच्या डेकवर माशांची एक पेटी ठेवायचा. रिकाम्या बोटीनं कुणी सुरुवात करायची नाही. ही रीत ग्लेनिसनंच पाडली. जिलाँगची पर्ल नावाची एक बाई नवीन आली होती, दिवसभर जाळं टाकून एक मासा मिळेना, रडकुंडीला आली. ग्लेनिस म्हणाली, "थांब गं, रडू नकोस, माझी पेटी घे," आणि तिचं बघून बाकीच्यांनीही दिल्या. तेव्हापासून ती पर्ल ग्लेनिसचा उजवा हात होऊन बसली आणि पेट्यांची रीत कायमची झाली. खरं सांगायचं तर लोक खेळ विकत घेतच नव्हते. ते ही माणसं घेत होते.

पुढे होबार्टची ती चार टाळकी थकली आणि त्यांनी खेळ एका परदेशी कंपनीला विकला. कंपनीनं सगळ्यात आधी हात कशाला घातला असेल? त्या पेट्यांना. आता पेटी बंद यायची. उघडायला गेलं की घंटा वाजायची, दिवे गरगरायचे, आणि आत कधी सोन्याचा नांगर, तर बहुतेक वेळा फाटका बूट. आणखी पेटी हवी असेल तर खरे पैसे मोजा. पबच्या कोपऱ्यात बटणं दाबत बसायची ती जुगाराची यंत्रं असतात ना, आपण पोकी म्हणतो, डिट्टो तीच. पेपरवाल्यांनी झोडपलं. जाणकारांनी नाकं मुरडली. आणि खप? खप वाढला! कारण लंगडी रोज फेऱ्या मारतच होती.

ग्लेनिस काही गप्प बसणारी नव्हे. प्रत्येक पाहुण्याला ती खडखडीत सांगायची, "हे बघ, खेळाची पार वाट लावलीय मेल्यांनी. घेऊ नकोस." पाहुणा खो खो हसायचा आणि घ्यायचा. ती पर्लवर चिडली, "मी घेऊ नका म्हणते, तरी ही माणसं घेतात कशी गं?"

"तू आहेस म्हणून," पर्ल म्हणाली. "तुझ्या शिव्या ऐकायला पैसे देतात ते. तू गोड बोलायला लागलीस ना, तर पळून जातील."

कंपनीनं तिला आभाराचं पत्र आणि एक टोपी पाठवली. टोपी तिनं कुत्र्याला घातली. सोडून द्यावं असं कितीदा तरी तिच्या मनात आलं. पण दुकान चारला बंद होतं, त्यानंतर तिच्या घरात बोलणारं फक्त फ्रीजचं यंत्र. सोडून जायचं तरी कुठे?

अशात एका रविवारी नेवचा फोन आला.

नेव तिचा धाकटा भाऊ. वर क्वीन्सलँडात ग्लॅडस्टोनला भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. पोकीनं त्याचं घर खाल्लं, गाडी खाल्ली, शेवटी बायकोही गेली. नातेवाइकांत सगळे समजतात की कारखान्यातली नोकरी गेली म्हणून बिचाऱ्याचं बिनसलं. खरं काय ते एकट्या ग्लेनिसला ठाऊक, कारण पबमधून त्याला दंडाला धरून बाहेर काढलं होतं ते तिनंच. त्या दिवसापासून त्यानं पबची पायरी चढलेली नाही. पण पब सुटला तशी माणसंही सुटली.

"ग्लेन, तुझ्या त्या बोटीत मलाही बसव की एकदा."

ग्लेनिसला आधी त्या पेट्याच आठवल्या. "तुला नाही आवडायचं रे. मेंढरं नुसती. झोप येईल."

"झोप येत नाही म्हणूनच म्हणतोय."

"क्रिकेट बघ की. सुरू आहे ना कसोटी?"

नेव म्हणाला, "माझी लाज वाटते होय तुला? तुझ्या त्या लोकांपुढे?"

आता या बोलण्यावर कुठली बहीण 'नको येऊस' म्हणेल? तिनं मनाशी ठरवलं, याला इतकी रटाळ फेरी घडवायची की पुन्हा नाव काढणार नाही. धक्क्याकडे फिरकायचंच नाही, तिथंच त्या पेट्यांचं दुकान. तिनं लंगडी उलट्या वाऱ्यात घातली, सगळ्यात लांबचं बेट निवडलं आणि वाटभर कुरकुर केली. आणि हा बाबा हसतोय! मेंढरू पाण्यात पडलं तेव्हा तर नेव असा हसला की त्याला ठसका लागला. किती वर्षांत तिनं ते हसू ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी धडकीही भरली.

"ग्लेन, मी घेतो हा खेळ."

"नेव, ऐक माझं." ती सरळ मुद्द्यावर आली. "त्यात पेट्या आहेत. घंटा, दिवे, सगळं. पोकीच आहे ती. तू घेऊ नकोस. पाया पडते तुझ्या."

अगदी खालच्या आवाजात तो म्हणाला, "पेटीला हात लावणार नाही मी. आईची शपथ. मला तुझ्याबरोबर नुसतं हिंडायचंय गं. पण एक कर, तिथं कुणाला माझं ते सांगू नकोस. तिथं तरी मला कुणी ओळखत नाही."

तिनं शब्द दिला. काय करणार? भाऊ आहे.

दुसरा सगळा दिवस तिनं दुकानात एकच विचार केला: नेवला त्या पेट्यांच्या दुकानापासून लांब कसं ठेवायचं. गिऱ्हाइकांकडे लक्ष नाही, एकाला तर इस्त्री फुकटच देऊन टाकली. एवढा विचार केला, पण स्वतःच पाडलेली रीत मात्र ती साफ विसरली. पर्ल कशी विसरेल? ग्लेनिसचा सख्खा भाऊ येतोय, ही बातमी पर्लनं गावभर केली होती.

संध्याकाळी नेवची कोरी बोट धक्क्याला लागली आणि ग्लेनिसनं समोर पाहिलं तर समुद्र दिसेना, नुसत्या बोटीच बोटी. ओमारूचा हेमिश न्यूझीलंडहून आलेला. वर्षवर्ष तोंड न दाखवणारी माणसंही आज हजर.

"या या, भाऊसाहेब!" हेमिशनं आरोळी ठोकली आणि पहिली पेटी नेवच्या डेकवर ठेवली. बंद पेटी. आता मिळतातच कुठे साध्या पेट्या? मग दुसरी, मग तिसरी.

"अगं पर्ल, राहू दे," ग्लेनिस घाईघाईनं म्हणाली. "त्याला नाही आवडत असलं काही."

"स्वागत कुणाला आवडत नाही गं? की आमच्या भावाला फक्त तुझ्याच हातचं चालतं?"

सगळे हसले. ग्लेनिसनं लंगडी मध्ये घातली, नेवच्या बोटीला आडवी लावली. लोकांना वाटलं, बाईची काहीतरी नवी गंमत. ते वळसा घालून दुसऱ्या बाजूनं पेट्या ठेवायला लागले. 'थांबा' म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण थांबा म्हटलं की लगेच कुणीतरी विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर देणं म्हणजे भावाला चारचौघांत नागवं करणं. तिनं तोंड मिटून घेतलं. इतक्या प्रेमानं चाललेलं होतं सगळं, आणि तिला मात्र डोळ्यांदेखत कुणी भावाला विहिरीकडे ढकलत नेतंय असं वाटत होतं.

शेवटी नेव पुटपुटला, "ग्लेन, एकच उघडतो हं. लोकांनी एवढ्या मायेनं दिलंय. नाही उघडली तर बरं दिसणार नाही."

"नेव..."

घंटा वाजली. दिवे गरगरले. फाटका बूट निघाला आणि सगळ्यांनी जल्लोष केला. "पुढची! पुढची!"

पुढच्या घंटेच्या आधी ग्लेनिसला हेडफोनमध्ये नेवचा श्वास ऐकू आला. रोखून धरलेला, मग हळूच सोडलेला. पबच्या उंच स्टुलावर बसून तो असाच श्वास घ्यायचा. दुसऱ्या कुणाला तो ऐकून कळलं नसतं.

"ग्लेनिस, आज गप्प का गं तू?" हेमिशनं विचारलं.

"काही नाही रे. घसा बसलाय."

आठवडाभर ती जळत राहिली. मग तिनं नेवला फोन केला. "चल, दोघंही सोडून देऊ. मी येते ग्लॅडस्टोनला. चांगली महिनाभर राहते. मासे धरू, खरे मासे."

"तू सोड," नेव म्हणाला. आवाज कडक नव्हता, उलट आनंदी होता, तेच तर वाईट. "मी नाही सोडणार. अगं, पर्ल मला रोज विचारते, जेवलास का म्हणून. किती वर्षांनी कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारतंय, ठाऊक आहे?"

"आणि पेट्या?"

"थोड्याच उघडतो. ताब्यात आहे माझ्या."

हे वाक्य तिनं पूर्वीही ऐकलं होतं, शब्दन् शब्द. यावर ती काय करू शकत होती? सोडून गेली असती तर हा तिथं पेट्यांपाशी एकटा. राहिली, तर हिच्यामुळेच तो राहणार. कंपनीला लिहावं, तर कंपनी आणखी एक टोपी पाठवेल. लोकांना खरं सांगावं, तर नेवचं ते एकुलतं एक गाव जाणार, आणि मग तो पुन्हा पबकडे वळणार नाही याची खात्री कोण देणार? तिनं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. दार कुठेच नव्हतं.

मग ती रोज जातच राहिली. जीव रमत नाही, तरी जाते. चहा गार होतो. नेवला लांबच्या फेऱ्या सांगते, मेंढरं दे, टपाल दे, त्याचे हात रिकामे राहू देत नाही. तरी अधूनमधून तो म्हणतो, "आलोच गं, धक्क्यावर जरा काम आहे," आणि लांबून घंटा ऐकू येते. एक, मग आणखी एक. ती सुकाणू धरून वाट बघत थांबते. लोक म्हणतात, भावाबहिणीची काय माया आहे बघा! पानावर त्यांचं कौतुक छापून येतं आणि ते वाचून आणखी माणसं येतात.

परवा मिल्ड्युराची एक बाई आली, नुकतीच नवऱ्यापासून वेगळी झालेली. आवाजात कापरं होतं. पाहुणी फेरी हवी होती तिला. लंगडी मेंढरांनी भरलेली होती, म्हणून नेव म्हणाला, "मी नेतो की." ग्लेनिस शेजारूनच चालली होती, तिला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. नेव बहिणीसारखाच मेंढरांना शिव्या घालत होता, त्या बाईच्या पोटापाण्याची चौकशी करत होता. बाई हळूहळू हसायला लागली.

फेरी संपत आली तशी तिनं विचारलं, "घेऊ का हो मी? पेपरात तर फार वाईट लिहिलंय. पेट्यांचं वगैरे."

"पेपरवाल्यांना काय कळतंय?" नेव म्हणाला. "मी तर आयुष्यातून उठलेला माणूस. ही माझी बहीण शेजारच्या बोटीत आहे ना, हिच्यामुळे आलो मी इथं. ती आपल्या माणसाला वाईट ठिकाणी कधी राहू देणार नाही. हो ना, ग्लेन?"

बोटी थांबल्या होत्या. पर्ल ऐकत होती, हेमिश ऐकत होता, आणि मिल्ड्युराची ती बाई श्वास धरून थांबली होती.

"हो," ग्लेनिस म्हणाली.