दहावीचं निमित्त

आईची शोकसभा बनारसच्या आमच्या मराठी मंडळानं ठेवली, तेव्हा मला पहिला निरोप आला तो फोटोचा. "एखादा साधा फोटो दे बेटा, नाटकातला नको." आता साधा फोटो कुठून आणू? माझ्या आईचे घरात कुणी फोटो काढलेच नाहीत. जे आहेत ते सगळे रंगमंचावरचे, नथ घातलेले, कुणावर तरी डोळे वटारलेले. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून दिला. त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. मंडळाला तो पसंत पडला.

माझी आई नटी होती. हे मी सरळ सांगून टाकते, कारण त्या दिवशी सभेत हा शब्द उच्चारायला एकाचीही जीभ वळली नाही. लग्नाआधी ती सांगलीकडच्या एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरायची. वडील बनारसला रेल्वेत कारकून. सुट्टीत देशावर गेले असताना त्यांनी तिचं नाटक पाहिलं, मागणी घातली आणि तिला संकठा घाटामागच्या गल्लीत घेऊन आले. इथं मराठी रंगभूमी म्हणजे काय, तर गणेशोत्सवातलं एक नाटक. वर्षातून एकदा. पण त्या एका प्रयोगासाठी ती महिनोन्महिने राबायची. पोळ्या लाटताना संवाद, भांडी घासताना संवाद, कणीक मळताना खलनायकाला शिव्याशाप. संध्याकाळी मला राजा घाटावर न्यायची, खाली पाण्याजवळ बसवायची आणि स्वतः वरच्या पायरीवर उभी राहून बोलायची. मध्येच थांबून विचारायची, "ऐकू आलं का गं?" अहो, पलीकडच्या तीराला ऐकू गेलं असेल! मल्लाह, म्हणजे नावाडी, होडी थांबवून ऐकायचे आणि "वाह भौजी!" म्हणायचे. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि त्याच वेळी छाती फुगायची.

आणि आई म्हणून म्हणाल, तर मला ताप असला तरी ती तालीम चुकवायची नाही आणि मला घरीही टाकून जायची नाही. पेटीवाल्याच्या शेजारी गोधडी अंथरून मला निजवायची आणि दर प्रवेश संपला की धावत येऊन कपाळाला हात लावून बघायची. घास भरवता भरवता भाषण पाठ करायची. मूल की नाटक, असा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. म्हणून पुढे जे झालं ते मला कधी पटलं नाही.

माझी नववी संपता संपता वडील गेले. आईला अनुकंपेवर त्यांच्याच ऑफिसात नोकरी लागली. त्या वर्षी गणपती जवळ आले, तालमी सुरू झाल्या आणि आई घरात. मी विचारलं, तर म्हणाली, "तुझं दहावीचं वर्ष आहे ना. यंदा नको." यंदाचं पुढच्या वर्षी झालं, पुढच्याचं कायमचं झालं. आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य बसलं, की बिचारीनं मुलीसाठी नाटक सोडलं.

हे वाक्य मी तेव्हापासून ऐकत आले. दहावीला मला सेकंड क्लास मिळाला, तेव्हा एका हळदीकुंकवाला जमलेल्या बायका माझ्यादेखत म्हणाल्या, "हिच्यासाठी आईनं नाटक सोडलं आणि हिनं काय दिवे लावले!" मी घरी येऊन आईवर ओरडले, "मी सांगितलं होतं का तुला? कर ना नाटक! माझ्या डोक्यावर का खापर?" ती नुसती ताट वाढत राहिली. पुढे शहरातल्या एका हिंदी नाट्यमंडळीनं तिला बोलावलं. तिनं काय सांगावं? "मुलीचं बघायचंय." तेव्हा मी शाळेत शिकवत होते हो! पगार आणत होते! घाटाच्या वरून खाली ऐकू येणारा तिचा आवाज हळूहळू इतका बसला, की स्वयंपाकघरातून काही म्हणाली तर बैठकीत "काय?" म्हणून दोनदा विचारावं लागायचं. गणपतीत मात्र पहिल्या रांगेत फिकट साडी नेसून बसायची आणि दुसऱ्या बायकांच्या कामांना टाळ्या वाजवायची. मी तिच्या शेजारी कधी बसले नाही. मला ते बघवत नसे. आमच्यात त्या एका गोष्टीवरून जी अढी बसली, ती तिच्या शेवटच्या आजारपणापर्यंत काही सुटली नाही.

तर शोकसभा. सभा सुरू व्हायच्या आधी आमच्या शेजारच्या काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचे यजमान दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे, त्यामुळे काय चालतं आणि काय चालत नाही हे मंडळात काकूच ठरवायच्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझी आई फार समजूतदार हो. भाऊजी गेले त्या वर्षी आम्ही तिला सांगितलं, बाई गं, आता मंगळसूत्र घालून, कुंकू लावून गणपतीसमोर उभं राहणं बरं नाही दिसणार. तर एका शब्दानं उलट बोलली नाही."

मी म्हटलं, "मग विधवेचंच काम द्यायचं होतं तिला." मला वाटलं, मी टोमणा मारला.

"अगं, तेही म्हणाली ना ती!" काकू उत्साहानं म्हणाल्या. "पण खऱ्या विधवेनं विधवा करायची म्हणजे... सणासुदीला बघवतं का ते? पडद्यामागे बसून प्रॉम्प्टिंग कर म्हटलं. तर म्हणाली, नको, मुलीची दहावी आहे असंच सांगा सगळ्यांना. पोरीला यातलं काही कळू देऊ नका, तिला तुमच्यातच राहायचंय. आम्ही शब्द पाळला बरं का. तुझं स्थळसुद्धा आम्हीच आणलं."

"आणलंत खरं," मी म्हटलं. ते लग्न किती टिकलं हे काकूंना ठाऊक होतं. त्या पदर सारखा करायला लागल्या.

तेवढ्यात अध्यक्ष उभे राहिले. आदर्श माता, त्यागमूर्ती, मुलीसाठी सगळ्या हौसेवर पाणी सोडणारी माउली. हौस म्हणे! मग माइक सांभाळणारा मुलगा माझ्याकडे आला, "मौसी, आप दो शब्द बोलेंगी?"

बोलले. आवाज चढला, तो मी चढू दिला. म्हटलं, "माझ्या आईनं माझ्यासाठी नाटक सोडलं नाही. माझ्या आईला तुम्ही नाटकातून काढलंत. सवाष्ण करायची तर ती विधवा म्हणून चालेना, आणि विधवा करायची तरी ती विधवाच म्हणून चालेना. आणि नाव माझं लावलंत."

अध्यक्ष खाकरले. "दुःखात माणूस काहीही बोलतो, आपण समजून घेऊ," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं मौनासाठी उभं केलं. मागच्या रांगेतून कुजबुज ऐकू आली, "आईवर गेलीय. नाटकी."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी त्या चोरट्या चेहऱ्याच्या फोटोकडे बघत राहिले. आणि मला त्या सगळ्यांचा आला नव्हता इतका राग तिचा आला. त्यांनी तुझं नाटक घेतलं, घेतलं. पण तू मला का सांगितलं नाहीस गं? मी भांडले असते त्यांच्याशी. सोळा वर्षांची होते तरी एकेकीच्या दारात जाऊन भांडले असते, हरले असते, पण तुझ्या बाजूनं हरले असते. तू त्यांना सांभाळलंस आणि मला आयुष्यभर तुझ्याशीच भांडायला लावलंस.