बसलेल्या इमारतींचे फोटो

नौपाड्यातल्या काकांकडे फोटो स्कॅन करायला जायला लागले, तेव्हा काम सोपं वाटलेलं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र, निवृत्त सिव्हिल इंजिनियर. कच्छच्या भूकंपानंतर ते मदतीला गेलेले आणि तिथल्या एका शहरातल्या पडझडीचे फोटो काढून आलेले. पुढे ते वरचेवर जात राहिले. त्याच चौकात, त्याच कोपऱ्यावर उभं राहून पुन्हा फोटो काढायचे. आधी ढिगारा, मग तंबू, मग पत्र्याची दुकानं, मग रुंद रस्ता आणि नवी घरं. आता त्यांची नजर अधू झाली होती आणि प्रिंट खराब व्हायच्या आत सगळे जागेवार लावून एका संग्रहालयाला द्यायचे होते.

मी फोटोत काय आहे ते सांगायचे, ते जागा ओळखायचे.

एकदा मी म्हटलं, "ही तीन मजली इमारत आहे. हिला काहीच झालेलं नाही, काका. खिडक्यांच्या काचासुद्धा शाबूत आहेत."

"दरवाजा कुठंय?"

मी शोधला. दरवाजा नव्हता. सगळ्यात खालच्या खिडक्या थेट रस्त्याला टेकलेल्या होत्या.

"चार मजली होती ती," काका म्हणाले. "खाली पार्किंग. भिंती नाहीत, नुसते खांब. खांब मोडले आणि वरचं सगळं आहे तसं खाली बसलं."

"खाली कोणी होतं?"

"पुढचा घे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या फाटकातून आत शिरले आणि पाय अडले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली पार्किंग, नुसते खांब. मागच्या बाजूला पूर्वी दोन खोल्या होत्या, त्यांच्या भिंतीही गाड्यांसाठी पाडलेल्या. एका खांबावर, स्कूटरच्या मागे, उभी चीर होती आणि तिच्यातून तांबूस डाग ओघळलेला. इतकी वर्षं मी त्याच्यासमोरून भाजीची पिशवी घेऊन जात होते.

त्यानंतर घरात धड बसवेना. वर कोणी पलंग सरकवला तरी मी ताडकन उठायचे. मिक्सर लावायचे आणि मध्येच बंद करून कानोसा घ्यायचे. नवरा म्हणाला, "तू ते फोटो बघायचं बंद कर आधी." सासूबाईंना मी बजावून ठेवलं, "आई, जरा जरी हललं ना, तरी कशाला थांबू नका. सरळ खाली उतरा." त्यांचे गुडघे धरलेले. त्या म्हणाल्या, "बरं बाई. उतरेन."

काकांकडचं काम मात्र मी सोडलं नाही. अर्धवट टाकलं असतं तर ढिगारेच डोळ्यांसमोर राहिले असते, नवा रस्ता दिसलाच नसता.

एका दुपारी मी स्कॅनरवर प्रिंट ठेवत होते आणि स्वयंपाकघरातली मांडणी किणकिणायला लागली. बंद पंखा हळूच झुलत होता.

"ट्रक गेला वाटतं," मी म्हटलं.

"ट्रक असता तर आवाज पुढे गेला असता. ऊठ."

मी हातातली प्रिंट तशीच धरून बसले. काकांनी चाचपडत माझं मनगट धरलं आणि मला दाराकडे ओढलं. कडी मी काढली. आम्ही गल्लीत येऊन उभे राहिलो, काका अनवाणी. समोर एक बाई शहाळी घेत होती, तिने आमच्याकडे नवलाने पाहिलं. तिला काहीच जाणवलं नव्हतं. सगळं थांबलंही होतं.

मी घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"जा तू," काका म्हणाले. "मी इथेच बसतो."

रिक्षा केली. वाटेत गर्दी लागली. डोळ्यांसमोर रस्त्याला टेकलेल्या खिडक्या. आमच्या कोपऱ्यावर वळताना मी मान वर करून मजले मोजले. सगळे होते.

आत गेले. सासूबाई पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, पाठ त्याच चिरलेल्या खांबाला टेकलेली.

"कपाट वाजलं गं," त्या म्हणाल्या. "तू म्हणालेलीस ना, म्हणून उतरले. फोन वरच राहिला."

खाली उतरा असं मी म्हणाले होते, पण कुठे उभं राहायचं ते सांगितलंच नव्हतं. मी त्यांना उठवलं आणि दोन्ही हातांनी धरून फाटकाबाहेर आणलं. "अगं, किती थरथरतेयस," त्या म्हणाल्या आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

त्या आठवड्यात मी काकांचे दोन फोटो सोसायटीच्या बैठकीत नेले. एक दरवाजा नसलेल्या इमारतीचा, दुसरा त्याच जागी नंतर बांधलेल्या, खाली जाड भिंती असलेल्या घराचा. सेक्रेटरी म्हणाले, "ते कच्छ आहे, वहिनी." मी म्हटलं, "खांब बघायला या." आले. कोणीतरी किल्लीने टोकरलं तशी गिलाव्याची खपली हातात आली. आतली सळई गंजून फुगलेली.

मग इंजिनियर आले, लोखंडी टेकू लागले, एकेका खांबाभोवती नवं काँक्रीट चढलं. मागच्या भिंती पुन्हा बांधल्या. काका फोनवर रोज विचारायचे, "फोटो काढतेस ना? एकाच जागेवरून काढ." मी काढत होते.

ते काम चालू असताना आम्ही टिटवाळ्याला माझ्या बहिणीकडे राहायला गेलो. तिची इमारत नवीकोरी, उंच. सासूबाई लिफ्टने वर गेल्यासुद्धा. मी खाली पार्किंगमध्ये एकेका खांबावरून हात फिरवत उभी होते. बहिणीने बाल्कनीतून हाक मारली, "अगं, वर ये ना, चहा निवतोय." मी म्हटलं, "आले," आणि पुढच्या खांबाकडे गेले.