सगळ्यांची छाती साफ

सहालग सुरू झाली की मी रजेचे अर्ज मोजायला बसते. सहालग म्हणजे लग्नसराई. ग्वाल्हेरात हाच शब्द चालतो. त्या दिवसांत आमच्या दवाखान्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणाचं ना कुणाचं लग्न निघतं. झाडूवालीची नणंद, ड्रेसिंग करणाऱ्याचा मेव्हणा, सगळे एकदम बोहल्यावर चढतात, आणि नई सडकेच्या मागच्या गल्लीतला आमचा दवाखाना तीन माणसांवर येऊन ठेपतो: माझा नवरा, मी आणि काउंटरवरची बाई. नवरा डॉक्टर. मी बँकेतून लवकर निवृत्ती घेतली आणि पेशंट तपासण्याखेरीज बाकी सगळं माझ्या गळ्यात पडलं. कामावर कुणाला ठेवायचं, कुणाची रजा नाकारून शिव्या खायच्या, पिवळ्या पिशव्यांतला दवाखान्याचा कचरा उचलणारी गाडी आली नाही तर कुणाच्या मागे लागायचं, नोंदणीचं नूतनीकरण, इन्व्हर्टरचं पाणी. आपल्या घराण्याने दरबारची कामं सांभाळली, असं सासूबाई अभिमानाने सांगायच्या. दरबारात इन्व्हर्टर नव्हता.

पण ही सगळी चिंता रोजची, अंगवळणी पडलेली. त्या हिवाळ्यातली चिंता वेगळी होती आणि ती मला कुणाला सांगता येत नव्हती. ह्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. सुरुवातीला मला वाटलं, माझंच ऐकत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यात नवल ते काय? मग दिसलं की हे पेशंटचंही ऐकत नाहीत, नुसते हसून मान हलवतात.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना एक खोड आहे. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि चारचौघांत काही लपवून बोलायचं असलं की तीच घरातली मराठी. समोरच्याला कळत नाही, असं आम्ही खुशाल धरून चालतो. खासगी बाजार हा आमच्या शेजारचा मोहल्ला, तो निम्मा मराठी शेजारात वाढलाय, हे ठाऊक असूनही. दवाखान्यातही आमचं तेच चालायचं. "ही घाबरलीय, हळू सांगा." "ह्याला नुसती सुट्टी हवीय, सर्टिफिकेट देऊ नका." पेशंट समोर बसलेला असायचा आणि हे गंभीरपणे मान डोलवायचे.

ह्यांना ऐकू येईनासं झाल्यावर मी त्याच खोडीचा उपयोग करून घेतला. केबिनमध्ये ह्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. एखादी बाई म्हणायची, "सीढ़ी चढ़ते में साँस फूलती है." हे हसून बघायचे. मी लगेच, जणू आपलं मत दिल्यासारखं, "जिना चढताना दम लागतो म्हणते." मराठीत आवाज चढवला तरी कुणाला वावगं वाटत नसे; नवरा-बायकोचं आपसातलं काहीतरी चाललंय म्हणून लोक सोडून देत. एकदा पडाव भागातून आलेल्या एका नव्या पेशंटने काउंटरवर विचारलं, "डॉक्टर साहब को हिंदी नहीं आती क्या?" काउंटरवरची बाई मूळची शेजारच्या मुरैना गावची, जिभेची तिखट. म्हणाली, "आती है. मैडम को बीच में बोलने की आदत है." झालं, मी नवऱ्याच्या कामात नाक खुपसणारी बायको ठरले. ठरू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पेशंटचं बोलणं मी सांगू शकत होते. छातीतलं कोण सांगणार? ह्यांनी स्टेथोस्कोप पाठीवर ठेवला की माझं सगळं लक्ष ह्यांच्या चेहऱ्याकडे. पूर्वी दोन-चार जागी टेकवला की भुवई वर जायची, "इथे काहीतरी आहे" असं पुटपुटायचे. आता खूप वेळ ठेवायचे, डोळे मिटून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "छाती साफ है." दर वेळी तेच. बाहेर थंडी मी म्हणत होती, धुक्यात समोरचं दुकान दिसत नव्हतं, लश्कर म्हणजे आमचा शहराचा भाग, तो अख्खा खोकत होता, आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची छाती साफ. हे एक दिवस माझ्या लक्षात आलं. त्यानंतर ह्यांनी ते वाक्य उच्चारलं की मी पेशंटच्या पाठीकडे टक लावून बघत बसायची. स्वेटरच्या आरपार मला काय दिसणार होतं, देव जाणे.

घरी विषय काढायची सोय नव्हती. "मला काय झालंय? तू फालतूची चिंता करते," असं आमच्या ग्वाल्हेरी मराठीत उडवून लावायचे. कानाचं यंत्र आणलं, ते ड्रॉवरमध्ये. मुलीने पुण्याहून आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप पाठवला. त्यात म्हणे पेशंटच्या कपड्यांची खसखसच जास्त ऐकू येते. तोही ड्रॉवरमध्ये. जास्त ताणलं तर ह्यांचा चेहरा असा पडायचा की मला पुढे बोलवत नसे. दया यायची, आणि दयेहून जास्त भीती वाटायची. दवाखाना बंद पडेल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण खरी भीती दुसरीच होती. कुणीतरी माणूस आमच्या भरवशावर घरी जाऊन झोपेल आणि पुन्हा उठणार नाही.

शेवटी मी माझ्या खात्यातला उपाय काढला: नवा माणूस नेमायचा. केबिनमध्ये दुसरी खुर्ची टाकायची, तिच्यावर एखादा तरुण डॉक्टर बसवायचा, आणि ह्यांना सांगायचं की सहालगीत गर्दी आवरत नाही. गर्दी कुठली? अर्धे पेशंट लग्नांत जेवत होते. तरी हे "बघू" म्हणाले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुरारहून एक मुलगी आली. नुकती एमबीबीएस झालेली, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, अर्ध्या दिवसाचं काम हवं होतं. मला ती आवडली. ह्यांचा मान राहावा म्हणून मी तिला ऐन दवाखान्याच्या वेळी केबिनमध्ये ह्यांना भेटायला बोलावलं.

ती समोर बसली. हे तिच्याकडे बघून गोड हसले आणि माझ्याकडे वळून मराठीत सुरू झाले. "हिला कशाला? चार दिवसांत पळून जाईल. परीक्षा आहे तिची."

"अहो, अर्धा दिवस तर यायचंय."

"मला मदत नकोय. मी एकटा पुरे आहे."

"नाही आहात पुरे."

"काय?"

मुलगी एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी आवाज चढवून म्हटलं, "एकट्याला जमत नाहीये तुम्हाला." "काय?" म्हणत ह्यांनी कान पुढे केला आणि माझा तोल गेला. सगळा हिवाळा गिळत आलेलं एकदम बाहेर पडलं. "तुम्हाला छातीतलं ऐकू येत नाही! कुणाच्याच छातीतलं!"

आमची केबिन म्हणजे प्लायवूडची भिंत आणि वर सगळं मोकळं. बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. काउंटरवरची बाई दाराशी आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेली. मुलीला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, तिने विचारलं, "मैम, मैं बाद में आऊँ?" आणि हे? ह्यांना खरंच ऐकू आलं नाही की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते मी आजही सांगू शकत नाही. ह्यांनी बेल वाजवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

आत आल्या त्या खासगी बाजारातल्या अम्मा. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची. ह्यांनी दवाखाना उघडला तेव्हापासूनच्या पेशंट. आठवड्यापूर्वी खोकला घेऊन आल्या होत्या, छाती साफ निघाली होती, औषधाची बाटली घेऊन गेल्या होत्या. खोकला तसाच होता, वर चेहरा उतरलेला. अम्मांनी बाकावर बसून सगळं ऐकलं होतं, आणि त्यांचं अर्धं आयुष्य मराठी शेजारणींबरोबर पापड लाटण्यात गेलं होतं. शाल सावरत त्या बसल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "डॉक्टर साहब, बुरा मत मानना. आज इस बिटिया से दिखा लूँ?"

हे माझ्याकडे वळले. "काय म्हणतात?"

इतक्या दिवसांत मी पेशंटचा एकही शब्द बदलून सांगितला नव्हता. आता बदलता आला असता. "खोकला थांबत नाही म्हणतात," एवढंच म्हटलं असतं तर हे उठून स्टेथोस्कोप ठेवणार, छाती साफ म्हणणार, आणि अम्मा संकोचाने मुकाट्याने घरी जाणार. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी जे सांगेन ते खरं धरून चालणारे. तेवढ्यात अम्मांना उबळ आली, शालीत तोंड खुपसून त्या वाकल्या, आणि मी सांगून टाकलं. "म्हणतात, आज हिला दाखवते."

हे खुर्ची मागे सारून उठले आणि मुलीला हाताने खूण केली.

तिने पर्समधून आपला स्टेथोस्कोप काढला. अम्मांच्या पाठीवर वरून खाली येत गेली आणि उजवीकडे खाली थांबली. "अम्मा, एक बार और, लंबी साँस." मग हळूच म्हणाली, "सर, यहाँ आवाज़ आ रही है." हे माझ्याकडे बघत होते. मी मोठ्याने सांगितलं, "उजव्या बाजूला, खाली, आवाज येतोय म्हणते." ह्यांनी तिला त्या जागेवर बोट ठेवायला लावलं, आपला स्टेथोस्कोप बोटाशेजारी टेकवला आणि बराच वेळ ऐकत उभे राहिले. अम्मा शाळेतल्या मुलीसारख्या सांगतील तसा श्वास घेत होत्या. कानातून नळ्या काढून हे म्हणाले, "मुझे कुछ सुनाई नहीं दे रहा." मग अम्मांच्या समोर येऊन तेच पुन्हा सांगितलं आणि हात जोडले. माझा नवरा कुणापुढे हात जोडणाऱ्यांतला नाही. मला रडू आलं आणि ते लपवायचंही सुचलं नाही.

एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. अम्मांना त्याच दिवशी भरती करावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, हे आत्ताच सांगून टाकते, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. आमच्या जिवाला मात्र तो त्या दिवशी पुरेपूर होता.

शेवटचा पेशंट गेल्यावर ह्यांनी काउंटरवरच्या बाईला आत बोलावलं. "इस ठंड में जितने खाँसी वाले आए हैं, सबको वापस बुलाओ." ही मुलगी सगळ्यांना पुन्हा तपासेल, म्हणाले. मुलगी हो म्हणाली. माझं मॅनेजरचं डोकं लगेच पुढे धावलं. एक फोन गेला की गल्लीला कळणार, गल्लीतून नई सडकेला, आणि उद्या चहाच्या प्रत्येक टपरीवर आमचाच विषय. मी म्हटलं, "अहो, तपासणीचा कॅम्प ठेवलाय असं सांगूया."

ह्यांना ते दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "नाही. खरं ते सांग. कॅम्पला कोणी येत नाही. घाबरले तर येतील."

ह्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त धडकी भरली. काउंटरवरची बाई कॉम्प्युटरमधून नंबर सांगू लागली. पहिला एका ई-रिक्षावाल्याचा होता. फोन त्याच्या बायकोने उचलला. मागे बँड वाजत होता, लग्नातच असावी. मी दवाखान्याचं नाव सांगितलं आणि जे आजवर कुणाला हिंदीत सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "डॉक्टर साहब को कम सुनाई देता है. उस दिन आपके पति की छाती ठीक से नहीं सुन पाए."

बँडवर आवाज चढवून ती म्हणाली, "पर उन्होंने तो कहा था, साफ है."

"हाँ."

"तो फिर क्या था उनकी छाती में?"

हे टेबलावरून पुढे झुकले होते. "काय म्हणते?"

मी फोनवर हात ठेवला आणि मोठ्याने सांगितलं, "विचारते, मग त्याच्या छातीत काय होतं?"