सारवलेली खोली

इथले अनुभव मी वर्षभर वाचतोय आणि खरं सांगतो, निम्म्यांवर मनातल्या मनात हसलोय. आमच्या धंद्यात भूतबीत नसतं, लेव्हल असते. नळीतला बुडबुडा मधे आला तर काम बरोबर, नाही आला तर परत कर... एवढाच माझा देवधर्म. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. तरी लिहितो.

दोन हजार पाच-सहा सालचा हिवाळा. मी चंद्रपूरचा सुतार, फ्लोअरिंगची कामं घ्यायचो. आलापल्लीच्या सात-आठ किलोमीटर अलीकडच्या एका गावातून वसंता नावाच्या तिशीतल्या माणसाने बोलावलं. तो बांबूच्या पट्ट्या दाबून फळ्या करणाऱ्या कारखान्यात होता. डाग पडले म्हणून बाजूला काढलेल्या फळ्या मालकाला विचारून त्याने एकेक करत घरी जमवल्या होत्या.

"मिस्त्रीभाऊ, मायले चालवाचं हाये," तो म्हणाला.

माय म्हणजे सिंधूबाई. वर्षापूर्वी लकवा मारून तिची उजवी बाजू गेली होती. पाय थोडाफार परत आला, हात नाही. पण पुढच्या खोलीतल्या उंचवट्याला अडखळून ती दोनदा पडली आणि त्यानंतर तिने बाज धरली ती धरलीच. आता चालली नाही तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फरशी का नको, तर वसंता म्हणे, "थंडी पडते, मायले सोसत नाई. बांबू गरम राह्यते."

घर जुनं, कवेलूचं म्हणजे कौलारू. पुढची खोली दहा बाय चौदा. मूळ जमीन मातीची, शेणाने सारवायची. वसंताच्या वडिलांनी तिच्यावरच सिमेंटचा पातळ कोबा ओतलेला. मधे उंचवटा, भिंतीकडे खळगे! अशा जमिनीवर फळ्या बसवल्या तर महिन्याभरात कुरकुरायला लागतात आणि वर्षात उचकटतात.

उंचवटा फोडला, खळग्यांत सिमेंट-वाळूचा माल भरला. दुसऱ्या दिवशी बुडबुडा एका बाजूला. आणखी भरला, तर दुसऱ्या बाजूला. मी त्या जमिनीला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. आतल्या खोलीतून सिंधूबाई सगळं ऐकत होती.

"तिच्यावर चिडू नको बाप्पा," ती म्हणाली. "सवय लागते तिची."

तिसऱ्या दिवशी अख्ख्या खोलीत नव्याने माल पसरला. ओल वर येऊ नये म्हणून फळ्यांखाली प्लास्टिकचा कागद घालतात, तो आणायला वसंता सायकलने आलापल्लीला गेला. माल ओला आहे तोवर पट्टी मारून सपाट करायचा, एवढंच बाकी होतं. पण भूक लागली की माझं डोकं फिरतं... बकऱ्या शिरू नयेत म्हणून पुढच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मागच्या दाराला आतून कडी होती. चौकातल्या हॉटेलात जेवलो, गप्पांत रमलो, दीड तास गेला. माल आवळून कडक झाला असणार, सगळं फोडावं लागणार, असं स्वतःला कोसतच कुलूप उघडलं.

खोली सारवलेली होती.

शेणाने नाही, त्याच सिमेंटच्या मालाने. पण हाताने — आपल्या बाया जमीन सारवतात तशा अर्धगोल फेऱ्या, पुढच्या दारापासून मागे सरकत आतल्या दारापर्यंत. दोन ओळी, शेजारी शेजारी. खिडकीकडच्या अर्ध्या भागात चार बोटं उमटलेली. पलीकडच्या अर्ध्यात तीनच.

मी कडेकडेने लेव्हल लावत गेलो. बुडबुडा मधे. पुढे सरकलो... मधे. चारही भिंतींशी, मधे.

आत मागच्या दाराची कडी तशीच होती, आणि सिंधूबाई बाजेवर बसलेली होती. आडवी नाही — बसलेली. लकव्याचा उजवा हात मांडीवर, मनगटापर्यंत सिमेंटने राखाडी.

तेवढ्यात वसंता आला. "माय, हे काय वं? कोन आलतं?"

"आक्का आलती," ती साधेपणाने म्हणाली. "म्हने, ऊठ वं सिंधू, मी एकलीच किती सारवू?"

वसंताने माझ्याकडे वळून सांगितलं. आक्का म्हणजे त्याची मोठी माय, सिंधूबाईची थोरली जाऊ. कोबा व्हायच्या आधी दोघी मिळून ही खोली सारवायच्या, अर्धी हिची, अर्धी तिची. धान कापताना विळ्याने आक्काचं एक बोट गेलं होतं. आणि आक्काला जाऊन दहा वर्षं झाली होती.

"सिमेंट हात खातं, आधी धुवा!" मी ओरडलो. दुसरं काही सुचलंच नाही. वसंताने तांब्या आणला, मायचा हात धुवायला घेतला, आणि त्या निर्जीव बोटांनी त्याचा अंगठा धरला. घट्ट नाही... पण धरला. एवढा बाप्या माणूस ढसाढसा रडला. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

त्या सारवणाला मी थापी लावली नाही. वाळू दिलं, वर प्लास्टिक घातलं, वर फळ्या. शेवटची फळी बसली त्या दिवशी सिंधूबाई भिंत धरून पुढच्या दारापर्यंत गेली आणि परतही आली.

खूप विचार केला. समजा म्हातारी स्वतःच उठली. समजा बोट दुमडलं गेलं असेल. पण दीड तासात, एका हाताने, अख्खी खोली? आणि मला दोन दिवस न सापडलेली लेव्हल? तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा.

दोन वर्षांनी त्या बाजूला काम निघालं म्हणून गेलो. सिंधूबाई काठीशिवाय चालत आली, उजव्या हातात चहाचा कप! पण खिडकीकडच्या बाजूनेच. मी म्हटलं, बाई, एवढी खोली आहे, मधून चाला ना.

"तिकडली आक्काची होय," ती हसली.

धंद्याची सवय, नजर खाली गेली. रोज पाय पडले की फळ्यांची चमक उतरते. खिडकीकडच्या अर्ध्यात तिच्या येण्याजाण्याचा मंद पट्टा पडला होता. पलीकडच्या अर्ध्यातही तसाच एक होता. घरात तिसरं कोणी नाही, आणि वसंता सायकल मागे लावतो, मागच्याच दाराने येतो-जातो.

पिशवीत लेव्हल होती, काढली नाही. चहा संपवला आणि दोन पट्ट्यांच्या मधून, जपून पावलं टाकत बाहेर आलो. कुणाला धक्का लागू नये म्हणून.